आधी विचारणारी नणंद

सगळ्या नाशिक जिल्ह्यात माझ्या नणंदेइतकी संशयी बाई झाली नाही, होणार नाही, आणि ज्यांना हे पटत नसेल त्यांनी खुशाल माझ्याशी भांडायला यावं. मी सिडकोतच राहते. संशयी म्हणजे माणसांच्या वाईटपणाचा संशय घेणारी नव्हे हं. तसल्या बायका आमच्या गल्लीत पैशाला पासरी होत्या. माझ्या नणंदेला माणसाच्या चांगुलपणाबद्दल कधीच शंका नव्हती. तिची शंका एवढीच, की हा चांगला माणूस आत्ता, इथं, माझ्या डोळ्यांदेखत काहीतरी चुकीचं करणार आहे. आणि तो करायचाच! निदान मी तरी करायचेच. ती माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. पण सासूबाईंच्या हुकमानं मी पहिल्या दिवसापासून तिला 'वन्सं' आणि 'अहो' म्हणायचे, आणि ती मला 'वहिनी' आणि 'अगं'. तोंडावर मी तो हुकूम शेवटपर्यंत पाळला. इथं मात्र मी तिला 'ती' म्हणणार आहे, सासूबाई रागावल्या तर रागावोत.

तिच्या सवयी सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. गॅसवर चढवण्याआधी दुधाचा वास घ्यायची, तो रोजच. द्राक्षांचा घड आणला की ती प्रत्येक मण्याची मुलाखत घ्यायची आणि नापास मणी वेगळ्या वाटीत ठेवायची. ती वाटी माझा नवरा सगळ्यांच्या देखत फस्त करायचा आणि त्याला काही व्हायचं नाही, याचा तिला फार राग यायचा. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मेथीच्या जुडीला हात लावण्याआधी तिचे प्रश्न सुरू व्हायचे. आज पहाटेची का काल संध्याकाळची? मळा कुठं? विहिरीचं पाणी का नाल्याचं? एक माळीण मावशी तर तिला लांबून बघूनच कपाळाला हात लावायची. "आली बाई, आली! घ्यायचं हाय का नाय ते आधी सांग. लय चौकश्या करती ही पोरगी, नवरा कसा मिळायचा हिला?" यावर माझी नणंद शांतपणे म्हणायची, "मावशी, तोही असाच बघून घेणार." आणि मग जुडी घ्यायची, भाव न करता. हे कुणी लक्षात घेतच नव्हतं, की सगळे प्रश्न विचारून झाले आणि उत्तरं मिळाली की ती कधी घासाघीस करायची नाही. मावशी मात्र मनातून ओळखून होती. चांगली जुडी ती पाठीमागं बाजूला काढून ठेवायची.

तिच्या उलट तिचा भाऊ, म्हणजे आमचे हे. एकाच आईची दोन लेकरं, पण यांचं सगळं धोरण 'बघू, चुकलं तर निस्तरू' असं. दूध नासलं तर पनीर करू, चावी हरवली तर कुलूप तोडू. सासर मूळचं नांदगावचं, सासूबाईही तेव्हा बऱ्याचदा तिकडेच असायच्या, त्यामुळे जाणंयेणं नेहमीचं. नाशिकरोडला ती गाडीत चढण्याआधी बोर्ड वाचायची, मग टीसीला विचारायची, मग डब्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारायची, "ही नांदगावला थांबते ना?" तोवर हे खिडकीत रुमाल टाकून बसलेलेही असायचे. एकदा दोघांची पैज लागली. ती चौकशा करत मागं राहिली आणि हे समोर आली त्या गाडीत उडी मारून गेले. ती दुसऱ्या गाडीनं गेली आणि दुपारी नांदगावला आईच्या हातची भाकरी खात बसली. यांची गाडी नांदगावला न थांबता धडधडत चाळीसगावला गेली. हे संध्याकाळी परत आले ते हसतच. "काय बिघडलं? चाळीसगाव बघून झालं!" ती म्हणाली, "दादा, तुझ्या पिशवीत आईचं औषध होतं." तेव्हा मात्र यांचं हसू मावळलं. यांचं वाईट काहीच नव्हतं, माणूस सोन्यासारखा. फक्त आपण चुकल्यावर वाट कुणाला बघावी लागते, हे यांना पोहोचल्याशिवाय दिसायचं नाही.

आता ही बाई पोटासाठी काय करत होती, तर कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहीत होती. नव्वदच्या दशकात, कॉलेज रोडवर, एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर सात-आठ माणसांचं ऑफिस होतं, तिथं. लोकांना वाटायचं, एसीत बसून बटणं दाबते. मला प्रोग्रामिंग येत नाही, पण तिच्या तोंडून त्यातला एक वाद मी इतकी वर्षं ऐकला, की आता कुणालाही चुलीपुढे बसून समजावून देईन. माणूस कॉम्प्युटरला काहीतरी टाईप करून देतो. नाव, वय, नंबर. आता माणूस म्हटला की चुकीचं टाईप करणारच. मग प्रोग्राम लिहिणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. एक, आलेलं आधी तपासायचं. हा आकडाच आहे ना? वय सव्वाशेच्या आत आहे ना? नसेल तर टाईप करणाऱ्याला तिथल्या तिथं सांगायचं. दुसरी, काही न विचारता कामाला लागायचं, आणि चुकीच्या आकड्यावर प्रोग्राम आपटला की त्याला खाली झेलायचं. या झेलाझेलीला ती मंडळी एक्सेप्शन म्हणतात, म्हणजे अपवाद. माझी नणंद या शब्दावरच उखडायची. "अपवाद कसला, वहिनी? वीज गेली, डिस्क बसली, प्रिंटरमध्ये पाल शिरली, हे अपवाद. ते आधी विचारून कळत नाही, तिथं खुशाल झेल लावा, मीही लावते. पण तू वय दोनशे टाकणार हे तर मला ठाऊकच आहे. ठाऊक असलेल्या गोष्टीचा धक्का कसला बसतो?"

'तू वय दोनशे टाकणार' हे ती उगाच म्हणत नव्हती. तिचा प्रत्येक प्रोग्राम बाहेर जाण्याआधी माझ्यावर तपासला जायचा. ऑफिसातली हुशार पोरं त्या कामाला नालायक आहेत, असं तिचं स्पष्ट मत होतं. त्यांना बरोबर काय ते माहीत असल्यामुळे चुकायला सुचतच नाही, म्हणायची. मग दुपारी घरातली कामं आटोपली की मी रिक्षानं कॉलेज रोडला जायचे, ती मला खुर्चीवर बसवायची आणि म्हणायची, "वहिनी, मनाला येईल ते दाब." आणि मी दाबायचे! नावाच्या जागी गाव, गावाच्या जागी वय, वयाच्या जागी काहीच नाही. ती माझ्या मागं उभी राहून एका शाळकरी वहीत माझी प्रत्येक चूक लिहून घ्यायची, आणि चेहरा असा खुललेला, की मी तिला दिवाळीची साडी दिली तरी इतका खुलला नसता. जन्मात माझ्या चुकांचं इतकं कौतुक कुणी केलं नाही. माझ्या आईनंही नाही. दुसऱ्या दिवशी त्या प्रत्येक चुकीला तिचं उत्तर तयार असायचं. इतरांचे प्रोग्राम चुकलं की इंग्रजीत खेकसायचे, 'अवैध' म्हणायचे. ती म्हणायची, घरच्या माणसाच्या बोटांतून आलेलं अवैध कसं? तिचा प्रोग्राम माझ्याशी इंग्रजी अक्षरांत मराठी बोलायचा. 'वहिनी, वय दोनशे कसं? एक शून्य जास्त पडलं का?' 'वहिनी, गाव राहिलं.' प्रोग्राम गिऱ्हाइकाकडे पाठवताना ती त्यातली 'वहिनी' काढून टाकायची. बाकीचं तसंच ठेवायची.

आणि माझी एक चूक तर तिला फार प्रिय होती. मी टायपिंग शिकले ते अशोकस्तंभाजवळच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये, बाबा आदमच्या काळच्या टाईपरायटरवर. त्या यंत्राला एकच्या आकड्याचं बटणच नव्हतं. मास्तर सांगायचे, एकाच्या जागी छोटा एल दाबा, कागदावर कुणाच्या बापाला कळत नाही. परीक्षा मी त्याच एलवर पास झाले, तेही पहिल्या वर्गात. बोटांना लागलेली सवय जाते का? कॉम्प्युटरला एकाचं स्वतंत्र बटण होतं, पण माझं बोट जायचं ते एलवर. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसायचे. माणसाला फरक दिसत नाही आणि यंत्राला मात्र आकड्याच्या मधोमध अक्षर दिसतं. ज्या दिवशी तिला माझी ही करामत कळली त्या दिवशी ती खुर्चीवरून उठून नाचायचीच बाकी राहिली. "वहिनी, हे मला शंभर वर्षांत सुचलं नसतं गं!" मग तिनं प्रश्न लिहिला. 'वहिनी, हा एल आहे. एक वरच्या ओळीत आहे. पुन्हा एकदा बघ.'

मधल्या काळात तिला स्थळंही आली. देवळाली कॅम्पातल्या एका चांगल्या घरचा मुलगा बघायला आला, पोहे झाले, चहा झाला. वडीलधाऱ्यांनी हसत हसत म्हटलं, तुलाही काही विचारायचं असेल तर विचार. असं हिला म्हणायचं असतं का? तिनं एकच विचारलं. "तुमची चूक कुणी दाखवली तर तुम्ही काय करता?" मुलगा दिलखुलास हसला. "माझी चूक? दाखवेल कोण?" तिनं मान हलवली, ट्रे उचलला आणि आत गेली. नांदगावच्या आत्याबाई तिच्यावर तुटून पडल्या, पोरीला शिंगं फुटली, नोकरी डोक्यात गेली, काय नि काय. सासूबाई रडल्या. मी तेव्हा नवी सून होते, तोंड उघडायची सोय नव्हती. पण आज उघडते. तिचं बरोबर होतं! हजारदा बरोबर होतं. पुढं त्या मुलाचं काय झालं मला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायची इच्छाही नाही.

खरी लढाई पुढं झाली. यांच्या सातपूरच्या कारखान्याला टाळं लागलं होतं आणि आमचं अख्खं घर तिच्या एकटीच्या नोकरीवर उभं होतं. त्याच सुमारास तिच्या ऑफिसात पुण्याहून एक नवे साहेब आले. हुशार माणूस, गोड बोलणारा, बूट चकचकीत. ऑफिसला तेव्हा शहरातल्या एका रक्तपेढीचं काम मिळालं होतं. पिशवीचा नंबर टाकला की पडद्यावर तिचा रक्तगट यायचा, आणि बटण दाबलं की चिठ्ठी छापून यायची. ती चिठ्ठी पिशवीला बांधायची आणि पिशवी पेशंटकडे जायची. साहेबांनी तिचा अर्धा झालेला प्रोग्राम पाहिला आणि म्हणाले, "बाई, हे काय? प्रत्येक ओळीआधी चार प्रश्न? एवढ्यात माझं पूर्ण काम होतं." तिच्या सगळ्या तपासण्या त्यांनी काढायला लावल्या आणि वरून एकच मोठा झेल लावला. काहीही आपटलं तरी झेलायचं, आवाज करायचा नाही, पुढं चालायचं. गिऱ्हाइकासमोर प्रोग्राम कसा लोण्यासारखा चालला पाहिजे, हे त्यांचं ब्रीद. तिनं विचारलं, "झेलल्यावर टाईप करणाऱ्याला सांगायचं कुठं?" साहेब म्हणाले, "त्याला कशाला घाबरवायचं?"

आठ दिवस ती घरी आली की जेवायची नाही. ताटावर बसून वाद घालायची, आणि समोर साहेब नसल्यामुळे तो वाद यांच्याशी घालायची. हे बिचारे म्हणायचे, "अगं, पण साहेबांचा प्रोग्राम झेलतोय ना? मग झालं तर." ती म्हणायची, "दादा, झेललेलं गिळून टाकायचं नसतं, सांगायचं असतं. आणि हे वय नाही, गाव नाही. हे रक्त आहे." सासूबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की बाई गं, या महिन्यात तरी कुणाशी वाकडं घेऊ नकोस, दादाचं काम सुरू होऊ दे. त्यांचंही काही चूक नव्हतं. ती 'हो' म्हणाली, आणि मला वाटलं, चला, मिटलं.

ज्या दिवशी रक्तपेढीच्या डॉक्टरबाई प्रोग्राम बघायला येणार होत्या त्या दिवशी ती डबा विसरून गेली. ती! जी तीन वेळा पर्स तपासल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे, ती डबा विसरली. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी डबा घेऊन वर गेले तर साहेब कॉम्प्युटरशी बसून दाखवत होते, डॉक्टरबाई रजिस्टर मांडीवर घेऊन बघत होत्या, आणि आमची वन्सं कोपऱ्यात हाताची घडी घालून बसली होती. सगळं खरंच लोण्यासारखं चाललं होतं. एवढ्यात तिनं विचारलं, "डॉक्टरबाई, तुमच्याकडे हे टाईप कोण करणार?" त्या म्हणाल्या, "आमच्याकडे एक मुलगी आहे, टायपिंग इन्स्टिट्यूटमधून आलेली." "मग आमच्या वहिनीला बसवून बघा ना. तीही तिथलीच." साहेबांना नाही म्हणता येईना. डब्याची पिशवी हातातच ठेवून मी बसले. रजिस्टरमधून पहिला नंबर टाकला, दोन हजार त्रेचाळीस. पडद्यावर आलं, बी पॉझिटिव्ह. बरोबर. मग दुसरा टाकला, दोन हजार एकशे सतरा. पडदा क्षणभरही अडला नाही. बी पॉझिटिव्ह. प्रिंटरनं करकर करत चिठ्ठीही काढून दिली. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी हातात घेतली, रजिस्टरवर बोट ठेवलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "ही पिशवी ए पॉझिटिव्ह आहे," त्या म्हणाल्या.

माझ्या बोटानं दोन्ही एकांच्या जागी एल दाबले होते! साहेबांनी वाकून पाहिलं, त्यांना लगेच कळलं, आणि ते हसले. "ऑपरेटरची चूक आहे, मॅडम. प्रोग्राम ओके आहे." मला तर वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. तेव्हा माझी नणंद उठली. आवाज चढवला नाही, ती कधीच चढवायची नाही. "चूक वहिनीची आहे, कबूल. ती रोज चुकते. तुमच्याकडची मुलगीही चुकेल, ती काही यंत्र नाही. पण साहेब, हा आकडा नाही हे तुमच्या प्रोग्रामला कळलं होतं. तो आपटला, तुम्ही त्याला झेललंत आणि त्याचं तोंड दाबलंत. मग त्याच्या हातात आधीच्या पिशवीचा नंबर होता, तोच धरून तो पुढं गेला. चुकणाऱ्याला माफी आहे. कळूनही गप्प बसणाऱ्याला कसली देताय?" खालून मिठाईच्या दुकानातला तुपाचा वास येत होता. डॉक्टरबाईंनी चिठ्ठीचे बारीक तुकडे केले, रजिस्टर मिटलं, आणि "कळवते" म्हणून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला माफीपत्र लिहून द्यायला सांगितलं. गिऱ्हाइकासमोर कंपनीची बदनामी केल्याबद्दल. तिनं कोरा कागद पुढं ओढला, पेन काढलं आणि विचारलं, "नेमकी कोणती चूक लिहू?" साहेब म्हणाले, "तुम्हाला सगळं ठाऊक आहे." "मला ठाऊक असतं तर मी विचारलं नसतं." एक तास तो कागद कोराच राहिला. मग तिनं त्यावर राजीनामा लिहिला, आपला कप आणि ती शाळकरी वही उचलली, आणि दुपारी दोन वाजता घरी आली. घरात जे रामायण झालं ते विचारू नका. सासूबाईंनी डोक्याला हात लावला. आत्याबाईंनी नांदगावहून फोन करकरून तोंडसुख घेतलं. हे, जे जन्मात कशाला घाबरले नाहीत, ते पहिल्यांदा म्हणाले, "आता कसं व्हायचं?" आणि मी, नवी सून राहिले नव्हते आता, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "काय व्हायचंय? मी टायपिंगची कामं घेईन. एल दाबून घेईन, पण घेईन. वन्सं बरोबर आहेत, आणि पुन्हा कुणी या घरात त्यांना बोललं तर माझ्याशी गाठ आहे." सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्या दिवशी माझ्या नणंदेनं दुधाचा वास न घेता माझ्यासाठी चहा केला.

पंधरा दिवसांनी डॉक्टरबाई पत्ता शोधत शोधत सिडकोत आल्या. त्यांनी साहेबांचा प्रोग्राम घेतला नव्हता. "तुमचा किती दिवसांत होईल?" त्यांनी विचारलं. "घाई आहे का?" "आहे." "मग वेळ लागेल," माझी नणंद म्हणाली. चार महिने लागले. जेवणाच्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर मांडला, आणि सकाळी मी टायपिंगची कामं केली नि दुपारी चुका केल्या. डॉक्टरबाई मधून मधून येऊन बघायच्या आणि हसायच्या. "पडद्यावर ही वहिनी कोण, सारखी सारखी?" "ही काय, पोळ्या लाटतेय. देताना काढून टाकीन," ती म्हणायची. पुढं यांचं कामही सुरू झालं. ती मात्र पुन्हा कुणाच्या ऑफिसात गेली नाही. नांदगावला जाऊन शाळेतल्या मुलांना गणित शिकवायला लागली, आणि उत्तर चुकलं तर मार्क कापायच्या आधी मुलाला जवळ बोलावून कुठं चुकलं ते विचारायची, म्हणून हेडमास्तरांशीही भांडली.

मग एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली. हॉस्पिटलात पडल्या पडल्या नर्सला विचारायची, "सिस्टर, बाटली लावण्याआधी नाव वाचलंत ना?" नर्स आधी वैतागली, मग तिच्या खाटेपाशी आली की स्वतःच मोठ्यानं नाव वाचायला लागली. तिनं सगळं विचारलं हो, सगळं. आणि तरी गेली. मला फार राग आला. डॉक्टरांचा आला, देवाचा आला, तिचाही आला. हे आधी विचारून कळण्यातलं नव्हतं, असं तीच म्हणाली असती. असेल. मी अजून ते मान्य केलेलं नाही.

दोन वर्षांनी यांचं ऑपरेशन निघालं आणि रक्त लागलं. मी भर दुपारी चिठ्ठी घेऊन रक्तपेढीत पळाले. डॉक्टरबाई केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. खिडकीत एक भरदार मिशांचा, सटाण्याकडचा धिप्पाड माणूस बसला होता. मी त्याला "लवकर करा, लवकर करा" म्हणून इतकं भंडावलं, की त्यानं घाईघाईत पिशवीचा नंबर टाकला आणि कॉम्प्युटर टुंग करून थांबला. तो स्वतःशीच अहिराणीत पुटपुटला, "हाई मशीन माले रोज वहिनी म्हनस." मग मला म्हणाला, "बघा ना ताई, एवढ्या मिश्या, आणि हे मला वहिनी म्हणतं. पहिल्यापासून असंच हाय, कुणाला काढता येत नाय." मी काचेतून वाकून पाहिलं. जुन्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'वहिनी, असा नंबर नाही. घाई करू नकोस. पिशवीकडे पुन्हा एकदा बघ.'

आयुष्यात काही विसरली नाही ती बाई. डबासुद्धा विसरली नव्हती.

त्यानं पिशवी उचलून पुन्हा पाहिली, चुकलेला आकडा दुरुस्त केला, चिठ्ठी बांधली. "कोन शे ही वहिनी, देव जाणे," तो म्हणाला.

यांना एकच बहीण होती. ती गेल्यापासून मला या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. "मी," मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि पिशवी खिडकीतून पुढं केली. मी हात पुढं केला नाही. "आधी नंबर वाचा," मी म्हणाले, "मोठ्यानं." त्यानं वाचला. मी चिठ्ठीशी ताडून पाहिला, मग पुन्हा एकदा पाहिला, आणि पिशवी घेऊन निघाले.